सातवीचे मामा

गावाचं नाव मी सांगणार नाही. सुलतानपूरच्या बाजारावरून जो कच्चा रस्ता आत वळतो त्याच्यावर ते आहे, एवढं पुरे. या हकिकतीतले बरेचसे मामा अजून ठणठणीत आहेत, आणि त्यांतल्या एकाचा पंजा केवढा आहे ते मी जवळून पाहिलेलं आहे. माणसाचं नाव मात्र सांगतो. ते लपवलं तर त्यांनाच राग येईल. पुंजाजी आबा.

महाराष्ट्र राज्य तेव्हा कोरं करकरीत होतं. आमची शाळा नुकतीच जिल्हा परिषदेकडे आली होती, पण पाटी जुनीच होती, कारण ती कोणी रंगवायची यावर लिखापढी चालू होती. मी खामगावचा, मास्तरकीची पहिलीच नेमणूक, अंगात इस्त्रीचा सदरा. एस.टी. थांबली. माझा एक पाय जमिनीवर, एक पायरीवर, पेटी अजून टपावर. तेवढ्यात खालून सवाल आला.

“नवे गुरुजी व्हय का?”

“हो.”

“खामगावचे?”

“हो.”

“मावशी कुठं देली तुमची?”

नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी चाचरत सांगितलं, चिखलीला. मग मावशीची नणंद कुठली, नणंदेचा दीर कुठला, असं करत करत, पेटी टपावरून खाली येईपर्यंत माझ्या मावशीच्या नणंदेची जाऊ ही पुंजाजींच्या बायकोच्या माहेरगावची निघाली. डोक्यावरची पांढरी टोपी त्यांनी बोटाने मागे ढकलली आणि माझी पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

“मंग असं सांगा नं बाप्पा! तुमी तं आमचेच निघाले.”

त्या टोपीवरून पुंजाजींच्या मनातलं सगळं कळायचं. विचार चालू असला की टोपी कपाळावर, पार भुवयांपर्यंत. जमलं की मागे. गावातली माणसं त्यांच्या तोंडाकडे बघतच नसत, टोपीकडे बघत.

पुंजाजी सोयरिकी जुळवत. तो त्यांचा धंदा नव्हता. धंदा शेतीचा, आणि तो त्यांची बायको कासाकाकू बघे. सोयरिक ही त्यांची हौस होती, व्यसन होतं, आणि कासाकाकूंच्या मते दुखणं होतं. काळ्या जाकिटाच्या एका खिशात सुपाऱ्या, दुसऱ्यात अडकित्ता. तिसऱ्या खिशात काय असे ते कासाकाकूंनाही ठाऊक नव्हतं. कोणाच्या घरी गेले तर बाजेवर ऐसपैस बसायचे नाहीत, काठावर टेकायचे. चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायचे, पण शेवटचा घोट बशीत तसाच ठेवून उठायचे. मी एकदा विचारलं, “आबा, आवडला नाही का?”

“पुरा पेलो तं काम संपलं नं गुरुजी. थोडा ठेवला म्हंजे परत येण्याले जागा राह्यते.”

तालुक्यातल्या किती घरी त्यांचा असा घोट शिल्लक होता, देव जाणे. माझ्या खोलीवर तर दर रविवारी एक ठेवून जात. मी लग्नाचा होतो ना!

त्यांचा ठेवणीतला शब्द एकच: “जुळते.” मुलगा ताडासारखा आणि मुलगी ठेंगणी? जुळते. शाळेच्या दाराची कडी कोयंड्यात बसत नाही? “थांबा, जुळते,” म्हणून ते तिचीही समजूत घालत. एकदा वर्गात मागे येऊन बसले होते. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज होती आणि माझ्याच हातून ती सुटेना. मागून धीराचा आवाज आला, “गुरुजी, घाई नका करू. दोघायलेबी जरा येळ द्या. जुळते.” आणि खरंच जुळली.

आता त्यांच्या अध्यक्षपदाची गोष्ट. शाळेने पालकांची समिती करावी, असा वरून कागद आला. आमचे मोठे गुरुजी सज्जन, गोल आणि घाबरट. वरून काही आलं की त्यांना शिंका येत. सभा भरली तर अध्यक्षाच्या खुर्चीच्या काठावर पुंजाजी टेकलेले.

मोठे गुरुजी चुळबुळत म्हणाले, “आबा, ही पालकांची समिती आहे हो. म्हणजे ज्यांना मुलंबाळं...”

सभा गपकन थांबली. पुंजाजी आणि कासाकाकूंना मूल नव्हतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण भर सभेत कोणी बोललं नव्हतं. पुंजाजी मात्र मजेत होते.

“इथं बसलेल्यायनं सांगा,” ते म्हणाले, “कोणाकोणाची गाठ म्या मारली?”

एक हात वर झाला, मग दुसरा. बघता बघता निम्म्याहून जास्त सभा हात वर करून बसली.

“आता सांगा गुरुजी. म्या या गाठी मारल्या नसत्या तं तुमच्या शाळेत पोट्टे आले असते कुठून? मंग पालक कोण?”

मोठ्या गुरुजींना शिंक आली. पुंजाजी बिनविरोध निवडून आले.

सातवी म्हणजे तेव्हा गावच्या शाळेचा शेवट. पुढे शिकायचं तर मेहकरचं हायस्कूल. बहुतेक मुलांची शाळा सातवीलाच सुटायची, म्हणून खरं तर सातवीचा निरोप हा मोठा सण व्हायला हवा होता. पण तो असा व्हायचा: मुलांनी घरून मूठ मूठ मुरमुरे आणायचे, मोठ्या गुरुजींनी भाषण करायचं, आणि भाषण संपायच्या आत मुरमुरे संपायचे. त्या वर्षी समितीने ठरवलं की नीट पंगत घालायची, मुलांना एकेक पेन द्यायचं आणि मेहकरहून फोटोवाला आणायचा. सगळ्या माना डोलल्या. मग मोठ्या गुरुजींनी विचारलं, “वर्गणी?” माना जागच्या जागी थांबल्या.

“पोट्टं पास तं होऊ द्या पह्यले,” एकजण म्हणाला.

“हाव नं. नापास झालं तं निरोप कायचा? ते तं इथंच हाय!”

“अन् फोटो कायले पाह्यजे? रोज पाह्यतोच नं त्याचं थोबाड.”

मागे भिंतीला टेकून नारायण बसला होता. मेहनती, अबोल, पण एकदा नाही म्हटलं की नाहीच म्हणणारा माणूस. त्याची मुलगी कुसुम माझ्या सातवीत होती. तो म्हणाला, “माया पोरीचं शिक्षण तं झालंच आता. तिले निरोप देला काय अन् नाई देला काय.”

मला ते बोलणं लागलं. कुसुम पुढे बसायची आणि प्रश्न विचारून विचारून मला घाम फोडायची. आठवड्यापूर्वीच तिने विचारलं होतं, “गुरुजी, आठवीच्या पुस्तकात पह्यला धडा कायचा असते?” मला आठवेना. तर म्हणाली, “मंग पाहून सांगा नं. मले काई ते पुस्तक पाह्याले भेटणार नाई.” रडत नाही, कुरकुरत नाही, बाजारातून येताना मीठ घेऊन या, असं सांगावं तसं सांगितलं.

सभेत मी नारायणला म्हणालो, “मेहकरला ठेवा ना तिला.”

“मेहकरात आपलं कोण हाय?” नारायण म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा उजवा हात आपल्या उजव्या कानाकडे गेला. सगळी सभा एकदम जमिनीकडे बघायला लागली. पुंजाजींची टोपी भुवयांवर उतरली. मला वाटलं, बिचाऱ्याचा कान दुखतो.

तेवढ्यात टोपीखालून आवाज आला, “बापायले मागूच नका.”

“मग कोणाला मागायचं?” मोठे गुरुजी म्हणाले.

“बाप म्हंजे रोजचा माणूस. त्याच्या खिशात हात घातला की त्याले लगेच समजते. मामा म्हंजे सणावाराचा माणूस. तो येते तं बहिणीची अब्रू संगं घेऊन येते, रिकाम्या हातानं येईनच कसा? लग्नात पोरीले मांडवात कोण आणते? मामा! हे पोट्टे आता शाळा सोडून चालले. म्हंजे शाळा झाली मायबाप, अन् निरोप झाला पाठवणी. मामाबिगर पाठवणी करता का तुमी? सातवीच्या समद्या पोट्ट्यायचे मामा बोलवा!”

“आबा, परिपत्रकात मामा नाहीत!”

“पण मामा नको, असं तं लिहेल नाई नं?”

मोठ्या गुरुजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. नव्हतं लिहिलेलं.

त्या कानाचं काय, ते मी संध्याकाळी कासाकाकूंना विचारलं. त्या चुलीपुढे होत्या. इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की तव्यावरची भाकर करपली.

“अवो गुरुजी, त्याचा कान दुखत नाई. त्याचा कान राह्यला!”

झालं होतं असं. नारायण आणि त्याचा चुलतभाऊ गणपत, दोघांची लग्नं एकाच मांडवात लागली. दोन्ही सोयरिकी पुंजाजींच्या. आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. आणि नवरदेवाकडची मंडळी त्याला फेटा बांधून त्याचा मान करतात. नारायणच्या नवरीचा, सुभद्राचा, भाऊ शालिग्राम तेव्हा मिसरूड फुटलेला दांडगा गडी. इकडे दोन्ही नवरदेव एका उंचीचे, एका रंगाच्या कपड्यांत, बाशिंगांनी तोंडं झाकलेली. वाजंत्री कानठळ्या बसवत होती, पुंजाजी दोन्हीकडे धावत होते. त्यांनी शालिग्रामचा दंड धरला, त्याला पुढे लोटला आणि ओरडले, “हा पाह्य तुया दाजी! पिळ!”

शालिग्रामने पिळला. सगळा जीव लावून पिळला. गणपतचा.

गणपतने अशी आरोळी ठोकली की वाजंत्री बंद पडली. काय झालं ते कळायच्या आत गणपतच्या घरच्यांनी शालिग्रामला फेटाही बांधून टाकला. मग गणपतचा खरा मेव्हणा पुढे आला आणि त्यानेही आपलं काम केलं. म्हणजे गणपतचा कान दोनदा पिळला गेला आणि नारायणचा एकदाही नाही.

“आमच्या पोराले कान नाईत काय?” नारायणचे वडील कडाडले.

“आमच्या पोरानं पिळला,” शालिग्रामचे वडील म्हणाले. “कोणाचा व्हता ते तुमचं तुमी पाहा.”

पुन्हा पिळ म्हटलं तर शालिग्राम म्हणे, मी एकदाच पिळत असतो. नारायण म्हणे, ज्यानं माझा कान धरला नाही त्यानं मला दाजी मानलंच नाही. शालिग्रामसाठी आणलेला फेटा नारायणच्या पेटीत गेला आणि सुभद्राचं माहेर तुटलं. शालिग्रामने पुढे मेहकरात लाकडाची वखार टाकली. कुसुम झाली, चालायला लागली, शाळेत गेली, सातवीत आली. मामाने भाचीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. हायस्कूलपासून हाकेच्या अंतरावर सख्ख्या मामाचं घर, आणि बाप विचारतो, मेहकरात आपलं कोण हाय!

“ह्यायनं जुळवलेली हे एकच सोयरिक उसवली,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “त्या घरात ह्यायले अजून कोणी चहा इचारत नाई. बाकी कायचंच ह्यायले वाईट वाटत नाई, याचं वाटते.”

दुसऱ्या दिवसापासून पुंजाजी सुपाऱ्या घेऊन फिरायला लागले. बैलगाडीने, एस.टी.ने, पायी. ते वर्गणीचं नावच काढत नसत. मामाच्या ओट्यावर टेकायचे, सुपारी ठेवायचे आणि सांगायचे, “तुमच्या भाच्याले शाळा पाटावर बसवून राह्यली. मामा पाह्यजे.” मामा फुगायचा. मग चहा व्हायचा, घोट शिल्लक राहायचा, आणि उठता उठता पुंजाजी सहज म्हणायचे, “त्या दुसऱ्या पोट्ट्याचे मामा गूळ आणून राह्यले म्हणते. तुमी काई आणू नका. तुमी नुसते या.”

‘काई आणू नका’ या तीन शब्दांनी जे केलं ते वर्गणीच्या पावत्यांनी जन्मात केलं नसतं. कोणी गव्हाचं बोललं, कोणी तुपाचं, कोणी मांडवाच्या कापडाचं. पेनं एका मामाने अंगावर घेतली. दुसरा तर उठून उभाच राहिला, “फोटोवाला माया! दुसऱ्या कोणी हात लावाचा नाई!” एकच घोटाळा झाला. जेवढे म्हणून मळेवाले मामा होते त्या प्रत्येकाला पुंजाजींनी सांगून ठेवलं की पलीकडचा मामा पोतंभर वांगी आणणार आहे. त्याचं फळ पुढे सगळ्या गावाने खाल्लं.

मेहकरला जाताना मात्र ते मला घेऊन गेले. “शाळेचा माणूस संगं पाह्यजे. सरकारी काम हाय.”

वखारीत शालिग्राम ओंडके हलवत होता. एक ओंडका त्याने एकट्याने उचलून बाजूला ठेवला तेव्हा मी नकळत माझे दोन्ही कान चाचपले.

“राम राम शालिग्रामभाऊ,” पुंजाजी म्हणाले.

“पुंजाजी? काऊन आले? आता कोणाचा कान दाखवता?”

पुंजाजी ओंडक्याच्या काठावर टेकले आणि सुपारी पुढे ठेवली.

“नारायणकडची असन तं उचला,” शालिग्राम म्हणाला.

“नारायणले तं पत्ताच नाई. ही शाळेची सुपारी. शाळा जिल्हा परिषदेची, जिल्हा परिषद सरकारची. म्हंजे सुपारी सरकारी. हे पाहा, सरकार संगं आणलं.”

मी होईल तितका सरकारी चेहरा केला.

“अन् मी नाई घेतली तं?”

“नका घेऊ. पण सरकारचं परत कराचं म्हंजे अर्ज लागते. ज्यादा मले माहीत नाई, यायले इचारा.”

शालिग्रामने माझ्याकडे बघितलं. मी आणखी सरकारी झालो. त्याने सुपारी उचलली. त्या तळव्यात ती वाटाण्याएवढी दिसत होती. बराच वेळ ती फिरवत राहिला. मग दुसरीकडेच बघत म्हणाला, “पोरगी कितवीत हाय म्हणता?”

“सातवी. हुशार हाय. पण आठवीत जात नाई.”

“काऊन?”

“मेहकरात आपलं कोणी नाई, असं म्हणते तिचा बाप.”

शालिग्रामची मूठ सुपारीवर मिटली. चहा आला, पुंजाजींनी घोट ठेवला, आम्ही निघालो. बाहेर येऊन मी टोपी पाहिली. कपाळावरच होती.

“नाही जुळलं का आबा?”

“अजून नाई. पण त्यानं सुपारी परत नाई देली.”

निरोपाच्या दिवशी सकाळपासून शाळेपुढे गाड्या सुटत होत्या. एकेक मामा असा उतरत होता, जणू स्वतःच बोहल्यावर चढायला आलाय. आणि वांगी! पोत्यांवर पोती, पडवीभर पोती. सातवीच्या वर्गाला वांग्यांमुळे दार उघडेना. मोठे गुरुजी पोत्यांमधून वाट काढत शिंकत होते. मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवात पळसाच्या पानांतले कणकेचे पानगे भाजत होते, आणि मोठ्या कढईत अर्थातच वांग्याची भाजी होती. दुसऱ्या कढईत वांग्याचं भरीत होतं. तिसरीत काय आहे ते कोणी विचारलं नाही.

पंगत हजेरीपटाच्या क्रमाने बसवायची ठरली होती. त्यामुळे एरवी जे कोणी कोणाशेजारी बसले नसते ते मामा मांडीला मांडी लावून बसणार होते. दोन-चार कपाळांना आठ्या पडल्या. पण दोष शाळेच्या हजेरीपटाचा, आणि त्याच्याशी कोण भांडणार! हीही पुंजाजींचीच अक्कल.

पानं मांडण्याआधी पाठवणी. मोठे गुरुजी नाव पुकारत, मामा आपल्या भाच्याचा हात धरून आणी आणि पाटावर बसवी. मोठे गुरुजी कुंकवाचा टिळा लावत, हातात पेन देत. मायबहिणी पदर डोळ्यांना लावत होत्या आणि मामा मिशांना पीळ भरत होते. मी पुंजाजींना शोधत होतो. ते मांडवाच्या खांबाशी उभे, टोपी नाकावर यायची बाकी.

“कुसुम नारायण,” मोठ्या गुरुजींनी पुकारलं.

कुसुम उठली आणि एकटीच उभी राहिली. नारायण खाली मान घालून उठला. “गुरुजी, पुढचं नाव घ्या. आमच्या पोरीले मामा नाई.”

“हाय!”

आवाज वांग्यांच्या पोत्यांमागून आला आणि पोत्यांवरून आडवातिडवा शालिग्राम उगवला. नारायणचा हात सटकन कानावर गेला. शालिग्राम सरळ चालत आला, भाचीपुढे उभा राहिला आणि तिथेच अडला.

कुसुमने मान वर करून त्याला निरखलं. “तुमी माये मामा व्हय का?”

“हाव,” एवढा मोठा गडी पुटपुटला.

तिने स्वतःच त्याचा हात धरला आणि पाटावर जाऊन बसली. मोठ्या गुरुजींनी टिळा लावला, पेन दिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. पण पुंजाजी पुढे आले. आवाज अगदी लग्नातला, वाजंत्रीवर मात करणारा.

“मामा आले, लय बेस झालं! आता एक काम राह्यलं हाय, तेवढं होऊन जाऊ द्या.”

“मी दोनदा पिळत नसतो,” शालिग्राम म्हणाला.

“मी बी कोणाले पिळ म्हणत नाई,” नारायण म्हणाला.

झालं! दोघांची तोंडं दोन दिशांना. पुंजाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायला त्यांना शब्द सापडत नाहीत, हे त्या गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. टोपी आता डोळ्यांवर होती आणि ती वर करायला हात उठत नव्हता.

पाटावरून कुसुम म्हणाली, “बाबा, कान पुढं करा नं. मले आठवीत जायाचं हाय.”

कोणी हसलं नाही. नारायण लेकीकडे बघत राहिला. टिळा, हातात पेन, आणि चेहऱ्यावर तोच भाव, मीठ घेऊन या सांगतानाचा. नारायणचा हात हळूहळू कानावरून खाली आला. मान वाकली. डोकं मेव्हण्यासमोर तिरकं झालं.

शालिग्रामने बाह्या सावरल्या.

“ए!” पंगतीच्या टोकाकडून चुलतभाऊ गणपत जिवाच्या आकांताने ओरडला. आपल्या दोन्ही कानांवर त्याने हात दाबून धरले होते. “या खेपी नीट पाहून बे!”

मांडव फुटला. शालिग्रामलाही हसू आवरेना, आणि हसता हसताच त्याने पिळला. “माया बहिणीले नीट सांभाळजो दाजी!” नारायण ओरडला, “आगं माय वं!” आणि ते ओरडणं इतकं आनंदाचं होतं की मोठ्या गुरुजींनी गोंधळून शाळा सुटल्याची घंटा वाजवली. बायकांतून सुभद्रा उठली. तिने पदराखालून गाठोडं काढलं. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. पेटीतला फेटा! कोणाच्या सांगण्यावरून आणला होता ते मी विचारलं नाही, पण पुंजाजींची टोपी पार मागे, मानेवर गेली होती. नारायणने आपल्या हाताने मेव्हण्याला फेटा बांधला आणि सुभद्रा भावाच्या गळ्यात पडून जी रडली, ती पंगत उठेपर्यंत रडत होती आणि रडत रडत सगळ्यांना आग्रह करत होती.

फोटो निघाला. पुढे मुलं, मागे मामांची भिंत, एका कडेला वांग्याचं एक पोतं. फोटो काळापांढरा, त्यामुळे नारायणचा कान लाल दिसत नाही, हीच काय ती त्यात उणीव.

संध्याकाळी नारायणने पुंजाजींना घरी बोलावलं. मी बरोबर होतो. सुभद्राने चहा आणला. पुंजाजींनी बशीत ओतला, फुर्रकन प्यायले, आणि मग बशी वाकडी करून शेवटचा घोटसुद्धा पिऊन टाकला.

“आबा, आता इथं परत यायला जागा?” मी हळूच विचारलं.

“इथं आता काऊन लागते जागा?” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच बाजेवर पाय घेऊन ऐसपैस बसले.

जूनमध्ये माझी बदली झाली. ज्या एस.टी.ने मी निघालो त्याच एस.टी.त कुसुम होती. शेजारी मामा, पायाशी पत्र्याची नवी पेटी. मामाने मेहकरातून तिच्यासाठी कोणाचं तरी जुनं पुस्तक मिळवलं होतं आणि ती गाडी सुटायच्या आधीच ते उघडून बसली होती.

“गुरुजी, पह्यला धडा कवितेचा हाय!” ती ओरडली. “तुमी सांगितलंच नाई मले!”

खाली कुसुमचं आख्खं घर उभं होतं आणि पुंजाजीही. ते माझ्या खिडकीशी आले.

“गुरुजी, लग्न ठरलं म्हणते तुमचं?”

मी ओशाळलो. खामगावला घरच्यांनी परस्पर ठरवलं होतं आणि हे सांगायचं मी टाळत होतो. टोपी खाली यायला लागली.

“मेव्हणे कितीक हायत?”

“एकही नाही आबा. ती एकुलती एक.”

“मंग कान?”

“राहील,” मी म्हणालो. “त्यात काय!”

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. खिडकीतून एक काटकुळा हात आत आला आणि माझा कान असा काही पिळला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शालिग्राम जागेवरून म्हणाला, “बराबर!” कुसुम पुस्तक तोंडावर धरून खिदळत होती. गाडी हलली. मी कान चोळत मागे वळून पाहिलं. त्याच गाडीतून कोणी नवखा माणूस उतरला होता. पुंजाजींनी त्याच्या पेटीची कडी धरून ठेवली होती, ते त्याला काहीतरी विचारत होते, आणि त्यांची टोपी हळूहळू कपाळावर येत होती.